एअर रायफलचे छर्रे: मोजायचे कसे, निवडायचे कसे

रेंजवर नवीन पालक आले की महिन्याभरात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, छर्र्यांचा डबा कुठला घेऊ?" त्यांना कंपनीचं नाव ऐकायचं असतं. मी नाव सांगत नाही, कारण एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन डबे एकाच रायफलमधून वेगवेगळे लागतात. आपल्या नळीला कुठला डबा मानवतो ते आपणच शोधायचं असतं. त्याची रीत मात्र ठरलेली आहे आणि ती कुणालाही जमते.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्याची स्टँडर्ड रूम, म्हणजे मापाची हत्यारं तपासायची खोली, सांभाळते. गेज तपासणं, मायक्रोमीटर कॅलिब्रेट करणं, मायक्रॉनवरून (मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रॉडक्शनशी वाद घालणं हे माझं रोजचं काम. मुलगी १० मीटर एअर रायफल मारते. त्यामुळे ४.५ मिलिमीटरचा शिशाचा तुकडा घरात आला तेव्हा माझ्या दृष्टीनं तो आणखी एक जॉब होता: ड्रॉइंग काय म्हणतं, टॉलरन्स (मापात चालणारी सूट) किती आणि मोजायचं कशानं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मोठी मुलं विचारतात. परदेशातल्या व्हिडिओत लोक घरी बसून झाडलेली पितळी काडतुसं पुन्हा भरताना दिसतात. गोळी झाडली की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं, म्हणून ते डायमधून (ठरलेल्या मापाच्या स्टीलच्या साच्यातून) दाबून परत मापात आणतात आणि मग त्यात नवी दारू भरतात. डायचं ते काम बघायला मलाही आवडतं. पण आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, तेव्हा तो घरी करून बघण्याचा विषय नाही. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं कांस्यपदक घेतलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये .२२ रिमफायर काडतूस असतं. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि आघातानं ती कडच चेपते, म्हणून ते पुन्हा भरण्यासारखं नसतंच. ते नेमबाजही काडतुसं भरत बसत नाहीत, बॅच, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, निवडतात. आपण छर्र्यांच्या बाबतीत तेच करणार आहोत. आपली स्पर्धेची एअर रायफल साडेसात ते आठ ज्यूलची असते. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवान्याची गरज पडत नाही, आणि छर्रे मोजायला तर नाहीच नाही.

आता छर्रा नीट बघा. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, म्हणून स्पर्धेत हाच आकार. डोकं नळीतल्या आट्यांवर (आतल्या पिळाच्या कडांवर) टेकून छर्रा मधोमध ठेवतं. मागचा घेर डोक्यापेक्षा जरा मोठा आणि पातळ असतो. हवेचा दाब आला की तो फुलून नळीला घट्ट बसतो आणि मागची हवा पुढे निसटू देत नाही. डोकं नळीच्या मानानं लहान असेल तर छर्रा आत किंचित तिरपा बसतो, आणि तिरपा निघालेला छर्रा १० मीटरवर दर वेळी नवी जागा शोधतो. घेराला पोचा असेल तर हवा एका बाजूनं निसटते. बिघाड बहुतेक या दोन जागीच असतो. वजनाचा नंबर त्यानंतर.

याचा गुणांवर किती परिणाम होतो? लक्ष्याचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे. छर्र्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं की दहा मिळतात, आणि पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश वाढत १०.९ पर्यंत जातं. समजा मुलीची सरासरी १०.३ आहे, म्हणजे तिचे शॉट मध्यापासून साधारण १.६ मिलिमीटरवर पडतात. चांगल्या बॅचची स्वतःची चूक सरासरी ०.४ मिलिमीटर धरा आणि वाईट बॅचची ०.९. या चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. तो हिशोब केला की ६० शॉटमध्ये दोन डब्यांत चार-साडेचार गुणांचा फरक येतो. पात्रता फेरीतून आठच जण अंतिम फेरीत जातात आणि आठवा-नववा यांच्यात कित्येकदा दशांशाचंच अंतर असतं. तिथे चार गुण म्हणजे फार झाले.

हाच हिशोब ९.५ सरासरीच्या मुलासाठी केला तर फरक दोन गुणांच्या आसपास उरतो. म्हणून नुकत्याच सुरू केलेल्या मुलाच्या पालकांना मी महागडे डबे घेऊ देत नाही. तेवढ्या पैशात चांगलं शूटिंग जॅकेट घ्या, किंवा साधे छर्रे जास्त घेऊन सराव वाढवा. सरासरी दहाच्या वर स्थिरावली की मग हा लेख परत काढा.

काम सुरू करण्याआधी शिशाबद्दल. छर्रा शिशाचा असतो, शिसं विषारी आहे आणि लहान मुलांच्या शरीराला ते जास्त बाधतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. मी जुन्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरते आणि काम झाल्यावर ते गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाकते. टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडा झाडू मारायचा नाही. हात साबणानं धुवायचे आणि मगच जेवणाच्या डब्याला किंवा चहाच्या कपाला हात लावायचा. काही मुलांना लोड करताना छर्रा ओठात धरायची सवय असते. ती पहिल्या दिवशीच मोडा. रेंजवर सराव संपला की मुलं थेट टिफिन उघडतात, तिथेही आधी हात धुवायला लावा. या बाबतीत मी दुसऱ्यांच्या मुलांनाही रागावते.

पहिली छाननी डोळ्यांनी. पांढऱ्या कागदावर पन्नासेक छर्रे घेर वर करून उभे करा आणि टेबललॅम्प बाजूनं पाडा. पोचलेला घेर लगेच दिसतो, कारण सावलीचं वर्तुळ तिथे मोडतं. मग उलटे करून डोक्याची कड बघा. शिशाचा बारीक पापुद्रा लटकत असेल किंवा कडेला दात असेल तर तो बाजूला. प्लास्टिकचा चिमटा वापरा. स्टीलच्या चिमट्यानं घेर दाबला जातो आणि चांगला छर्रा आपल्याच हातानं बाद होतो.

मग काच. खिडकीच्या काचेचा सपाट तुकडा घ्या, एका कडेखाली दोन-तीन पोस्टकार्डं सरकवून अगदी हलका उतार द्या आणि छर्रा आडवा सोडा. डोकं लहान आणि घेर मोठा असल्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो. एका मापाचे सगळे छर्रे जवळपास एकाच वळणानं खाली येतात. एखादा जास्त वळला तर त्याचं डोकं लहान आहे किंवा घेर मोठा आहे, आणि अडखळत आला तर घेर गोल नाही. या चाचणीला खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते ज्यांच्याकडे गेज नाही त्यांनी एवढी केली तरी निम्मं काम झालं.

डोक्याचं माप हा माझ्या कामाचा विषय, म्हणून इथे जरा थांबते.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असा आकडा असतो. तो कारखान्यानं धरलेलं माप आहे. आत पाचशे छर्रे असतील तर त्यातला प्रत्येक छर्रा तेवढाच असेल असं कुणी समजू नये. आणि हे माप मायक्रोमीटरनं घ्यायला जाऊ नका. मायक्रोमीटरचा रॅचेट ठरलेल्या जोरानं दाबतो. स्टीलला तो जोर काहीच नाही, पण शिसं त्याखाली चेपतं. तुम्हाला ४.४९ दिसेल, आणि ते छर्र्याचं माप नसून तुम्ही त्याला दाबून केलेलं माप असेल. व्हर्नियर तर आणखी वाईट, त्याच्या जबड्यावर बोटाचा जोर दर वेळी वेगळा. ओळखीच्या स्टँडर्ड रूममध्ये प्रोफाइल प्रोजेक्टर असेल तर उत्तम. पन्नासपट मोठी सावली पडद्यावर पडते आणि छर्र्याला हातही लागत नाही. पण पाचशे छर्रे प्रोजेक्टरवर कोण बघत बसणार? त्यासाठी भोकांची पट्टी हवी.

पट्टी म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या हार्ड केलेल्या स्टीलच्या तुकड्यात ४.४८ ते ४.५३ पर्यंत ०.०१ च्या अंतरानं सहा भोकं. परदेशात अशा पट्ट्या तयार मिळतात. नाशिकमध्ये सातपूर-अंबडला इतके टूलरूम (डाय आणि गेज बनवणारी वर्कशॉप) आहेत की करून घेणं अवघड नाही, फक्त काय मागायचं ते माहीत हवं. "४.५० चं रीमर मारून द्या" असं सांगितलंत तर एच-७ रीमर मारून मिळेल. रीमर म्हणजे भोक मापाला आणायचं हत्यार, आणि एच-७ हा भोकाच्या टॉलरन्सचा नेहमीचा दर्जा. या मापाला एच-७ ची सूट १२ मायक्रॉन असते आणि आपल्या दोन भोकांत अंतरच १० मायक्रॉनचं आहे. म्हणजे ४.५० चं भोक ४.५१ च्या भोकापेक्षा मोठंही निघू शकतं. वायरकट (विजेच्या तारेनं कापणं) करून लॅपिंग (बारीक घासून गुळगुळीत करणं) करायला सांगा, भोकं अधिक-उणे दोन मायक्रॉनमध्ये मागा आणि समोर पिन गेजनं (अचूक मापाच्या गोल पिनांनी) तपासून घ्या. भोकाच्या तोंडाला बर (कापताना उरलेली धारदार कड) राहता कामा नये, नाहीतर शिसं तिथेच खरवडेल. माझी पट्टी आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका डायमेकर काकांनी करून दिली. लॅपिंग करताना ते म्हणाले, "शिसं मोजायचंय ना, मग भोकाला आरशासारखं करतो." त्यांनी केलंही तसंच.

वापरायची रीत: छर्रा डोकं खाली करून सगळ्यात लहान भोकावर ठेवा. ढकलू नका, स्वतःच्या वजनानं गेला तर जाऊ द्या. नाही गेला तर पुढच्या भोकावर. ज्या भोकात डोकं पहिल्यांदा आत उतरतं आणि घेर वर अडकतो ते त्याचं माप. बोटाचा हलका धक्कासुद्धा दिला तरी वर्गवारी एका घरानं चुकते, म्हणून हे काम घाईच्या दिवशी करू नये. जानेवारीत थंडीनं बोटं बधिर असतील तर दुपारी करा.

मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि मापांचं प्रमाण तापमान २० अंश आहे, मग माप चुकणार नाही का, असं एका इंजिनियर बाबांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. शिसं तापलं की स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं. पण ४.५ मिलिमीटरवर २० अंशांच्या फरकानं दोघांच्या वाढीत दीड-दोन मायक्रॉनचंच अंतर पडतं, आणि आपल्या पट्टीची पायरी १० मायक्रॉनची आहे. छर्रे आणि पट्टी एकाच खोलीत तासभर ठेवा, तेवढं पुरे.

वजनाकडे येते. रायफलचे स्पर्धेचे छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात. त्यांना एक मिलिग्रॅम वाचणारा काटा लागतो. लहान डिजिटल काटे मिळतात, आणि सराफ बाजारात ओळख असेल तर एखाद्या दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांच्या वैधमापनचा शिक्का असलेल्या काट्याशी आपला काटा ताडून बघता येतो. आधी काटा चालू करून अर्धा तास तसाच ठेवा. पंखा बंद, खिडकी बंद. पॉलिथिनच्या पिशवीतून काढलेले छर्रे लगेच ठेवू नका, स्थिर विजेमुळे आकडा हलत राहतो. दर वीस छर्र्यांनंतर पारडं रिकामं करून शून्य येतंय का ते बघा.

आता वजन करून मिळतं काय? रायफलचा वेग सेकंदाला १७२ मीटर धरला तर छर्रा १० मीटर जायला सुमारे ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. साइट लावताना आपण हे उतरणं धरूनच लावतो. एखादा छर्रा ५ मिलिग्रॅम जड असेल, म्हणजे सुमारे एक टक्का, तर तेवढ्याच ऊर्जेत त्याचा वेग अर्धा टक्का घटतो आणि तो ०.१६ मिलिमीटर जास्त खाली येतो. दशांशाची पायरी आहे ०.२५ मिलिमीटर. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या फरकानं पूर्ण एक दशांशही जात नाही. म्हणून एकेक मिलिग्रॅमचे कप्पे करण्यात संध्याकाळ घालवू नका, तसंही लहान काट्याचा एक-दोन मिलिग्रॅमवर भरवसा नसतो. पाच-पाच मिलिग्रॅमचे कप्पे करा, मधले ठेवा, दोन्ही टोकांचे सरावाला द्या. एखादा छर्रा एकदम १५-२० मिलिग्रॅमनं वेगळा निघाला तर आत पोकळी असेल किंवा शिसं जास्त भरलं असेल. असे मोजके वेडेवाकडे छर्रे पकडणं एवढाच वजनाचा खरा उपयोग. चांगल्या बॅचमध्ये ते सापडतच नाहीत, आणि मग मी वजनाची पायरी सरळ सोडून देते.

छर्रे डायमधून काढून एका मापाचे करता येतील का? काडतुसांच्या व्हिडिओंमुळे हेही विचारलं जातं. अशी हत्यारं आहेत: गुळगुळीत भोकाची नळी, दांड्यानं छर्रा त्यातून ढकलायचा, बाहेर येईल तो भोकाच्या मापाचा. टूलरूमवाल्या माणसाला हे आवडण्यासारखंच आहे. पण डाय फक्त मोठ्याला लहान करते. ज्याचं डोकं मुळातच लहान आहे तो डायला न शिवताच निघतो, आणि आपला त्रास तर त्याचाच होता. शिवाय घेर बारीक झाला की नळीला घट्ट बसण्याचं त्याचं काम बिघडतं. स्पर्धेचे छर्रे मी डायमधून काढत नाही आणि कुणाला काढू देत नाही. प्रवासात पोचलेला घेर गोल करायला गोल टोकाची लहान दांडी आतून हलकी फिरवली तर चालतं, तेही सरावाच्या छर्र्यांना.

हे सगळं झालं तरी खरं उत्तर नळीच देते, त्यामुळे बॅच टेस्टला पर्याय नाही. गेजवर छान निघालेला डबा नळीला मानवत नाही असं होतं, आणि उलटही होतं.

त्यासाठी रायफल क्लॅम्पमध्ये हवी. मुलीनं हातात धरून चाचणी केली तर तिच्या हाताची हालचाल छर्र्याच्या चुकीपेक्षा मोठी असते आणि डब्यांमधला फरक त्यात बुडून जातो. आमच्या रेंजवर पालकांनी मिळून एक फिक्श्चर करून घेतलं: जाड एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट, तिला जड टेबलाशी चार बोल्ट, वर नायलॉन लावलेले जबडे. जबडा रायफलच्या बॉडीवर बसला पाहिजे. नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला पकडायचं नाही. नळी मोकळी राहिली नाही तर तिचं कंपन बदलतं, आणि सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, त्याच्यावर जबडा आवळणं धोक्याचं आहे. सिलिंडर हाती आहेच तर त्यावरची तारीखही वाचून घ्या. दहा वर्षांवरचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. रायफलच्या कंपनीप्रमाणे पकडायची जागा बदलते, तेव्हा प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय जबडा आवळू नका. नव्या रायफलबरोबर कंपनीचं पाच शॉटचं टेस्ट कार्ड येतं, ते जपून ठेवा. रायफल काय करू शकते याचा तो पुरावा आहे आणि आपला क्लॅम्प बरोबर आहे की नाही तेही त्याच्याशी ताडून कळतं.

चार-पाच डबे घ्या. एकाच नावाचे असले तरी डोक्याची मापं किंवा मागच्या स्टिकरवरचे बॅच नंबर वेगळे हवेत. दुकानदाराकडे एकेक सुटा डबा मागा, आधीच दहा-दहा डबे उचलू नका. सिलिंडर भरून घ्या आणि चाचणी संपेपर्यंत दाब रेग्युलेटरच्या (दर शॉटला सारखा दाब देणारा भाग) मर्यादेखाली जाऊ देऊ नका. नळीतून फेल्टच्या गोळ्या आरपार घालवून ती साफ करा आणि त्यानंतर पहिले दहा-पंधरा छर्रे नुसते झाडा, कारण साफ नळी बसेपर्यंत ग्रुप (कार्डावरचा भोकांचा पुंजका) फिरतो. डबा बदलला की पुन्हा दहा झाडा, आधीच्या छर्र्यांचा थर आत असतो. मग पाच शॉटचा एक ग्रुप, नव्या कार्डावर, आणि कार्डावर आधीच डब्याचा नंबर लिहिलेला. एका डब्याचे पाचही ग्रुप सलग मारू नका. सगळ्या डब्यांची एक फेरी, मग दुसरी फेरी, अशा पाच फेऱ्या. दुपारी हॉल तापला किंवा दाब थोडा उतरला तर त्याचा परिणाम सगळ्यांवर सारखा वाटला जातो. वेळ जातो, हे खरं. रविवारची पूर्ण सकाळ ठेवा.

ग्रुप मोजताना व्हर्नियर चालतो. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या आणि त्यातून एका छर्र्याच्या भोकाचं माप वजा करा. इथे ४.५ वजा करू नका. कागद परत आकसतो आणि भोक छर्र्यापेक्षा लहान दिसतं, म्हणून त्याच कागदावर एक सुटा शॉट मारून त्याचं भोक मोजा आणि ते वजा करा.

आणि आता निवड. समजा 'क' डब्याचे पाच ग्रुप बाहेरून बाहेर ४.९, ४.९, ५.०, ६.२, ५.० आले आणि 'ख' डब्याचे ५.१, ५.२, ५.३, ५.२, ५.३. बहुतेक जण 'क' ची ४.९ ची कार्डं खिशात घालून फिरतात आणि सगळ्यांना दाखवतात. मी 'ख' घेते. ६.२ च्या ग्रुपमध्ये एक छर्रा बाहेर गेला आहे, तसाच स्पर्धेतही जाणार, आणि तो कितवा ते आधी कुणालाच कळणार नाही. डब्याची किंमत त्याच्या सगळ्यात वाईट ग्रुपवरून करायची. शंका असेल तर दोन्ही डब्यांचे आणखी पाच-पाच ग्रुप मारा. पाच शॉटचा एकच ग्रुप नशिबानंही लहान येतो, त्यावर पैसे लावू नका.

मला हे मुलांसाठी फार महत्त्वाचं वाटतं. शॉट ९.८ गेला की मुलीनं आपला श्वास, ट्रिगर, पायाची ठेवण आठवावी. डब्याबद्दल मनात शंका असेल तर ती हे काहीच आठवत नाही, डब्याला दोष देते आणि पुढचा शॉटही तसाच जातो. क्लॅम्पवरची कार्डं तिला दाखवा, तिलाच मोजायला द्या. स्वतःच्या हातानं मोजलेल्यावर मुलांचा विश्वास बसतो.

बॅच सापडली की दुकानदाराला स्टिकरचा फोटो पाठवा आणि त्याच नंबरचे जेवढे परवडतील तेवढे डबे मागा. नंबरात एका अंकाचा फरक असला तरी ती वेगळी बॅच, तिची परत टेस्ट. "तेच आहे हो, फक्त नवा माल आहे" हे वाक्य ऐकलंत तर नम्रपणे नाही म्हणा.

ठेवायची काळजी पावसाळ्यात जास्त लागते. जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. ती बोटाला लागते, नळीत जाते आणि विषारीही आहे. भुकटी धरलेले छर्रे फेकायचे, पुसून वापरायचे नाहीत. डबा हवाबंद प्लास्टिकच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते आणि शिशाला ती खाते. लोखंडी कपाट बरं. डबा हातातून पडला तर त्यातले सगळे छर्रे पुन्हा काचेवरून सोडा, घेर पोचायला टेबलाची उंची पुरते.

स्पर्धेसाठी मी शंभर छर्रे वेगळे काढते: साठ स्पर्धेचे, उरलेले आधीच्या पंधरा मिनिटांच्या साइटिंगसाठी (साइट जुळवायच्या शॉटसाठी) आणि अंतिम फेरीसाठी. फोमच्या खाचा असलेला ट्रे मिळतो, त्यात घेर खाली करून बसवते, म्हणजे प्रवासात एकमेकांवर आपटत नाहीत. साइटिंगलाही त्याच बॅचचे छर्रे हवेत, नाहीतर साइट एका डब्याला लावली आणि स्पर्धा दुसऱ्यावर मारली असं होतं. ट्रेच्या झाकणावर बॅच नंबर आणि डोक्याचं माप लिहा, आणि सरावाचा डबा बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवा.